सोवळ्यातली पेनं

सोसायटीच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी घरोघरी फिरून सह्या गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत खिशातल्या बॉलपेननं मान टाकली. म्हटलं टाकू दे, निदान योग्य दारात टाकली. कारण दार भाऊकाकांचं होतं, आणि भाऊकाकांकडे शाईची ७३ पेनं आहेत.

"भाऊकाका, जरा पेन द्या हो."

देव्हाऱ्यातला गणपती मी कागदावर वजन ठेवायला मागितला असावा, तसा त्यांचा चेहरा झाला. क्षणभर थांबून ते स्वयंपाकघराकडे वळले आणि ओरडले, "अगं, घरात पेन आहे का गं?"

"कालनिर्णयला टांगलंय," काकू आतूनच म्हणाल्या.

त्या घरात लिहिणारं पेन ते एवढंच. कालनिर्णयच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं, शेपटाकडून चावलेलं, कुठल्याशा औषध कंपनीनं फुकट वाटलेलं बॉलपेन. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, इस्त्रीवाल्याचे कपडे, सगळं त्याच्याच जिवावर. दोरा आखूड, त्यामुळे ज्याला लिहायचं असेल त्यानं भिंतीपाशी जायचं. भाऊकाकांनी संमतिपत्र भिंतीवरच्या एकादशीवर दाबून धरलं, मान वाकडी करून सही केली आणि पेन सोडलं. ते दोनदा लंबकासारखं हललं नि थांबलं. शेजारच्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात, पार्कर, शेफर, पेलिकन आणि वॉटरमन शांत झोपले होते.

भाऊकाका म्हणजे कंजूष माणूस असं कोणाला वाटेल, तर ते साफ चूक आहे. एकेका पेनापायी त्यांनी महिन्याच्या पेन्शनीचा चांगला लचका तोडलेला मी पाहिला आहे. विकून पैसे करावेत असाही त्यांचा डाव नाही. विकायला काढलेलं पेन गिऱ्हाईक हाताळणार, हा विचारच त्यांना सोसत नाही. त्यांना पेनं हवी असतात. फक्त त्या पेनांनी लिहिलेलं त्यांना चालत नाही.

त्यांच्याकडे पेनं पाहायला जाणं याला आम्ही दर्शन म्हणतो. ते रविवारी सकाळी असतं, त्यांची अंघोळ झाल्यावर. आधी आपण हात धुवायचे. मग ते विचारणार, "साबणानं?" हो म्हटलं की, "पुसलेस?" हो म्हटलं की, "कशाला?" कारण टॉवेलचे धागे टोपणाच्या क्लिपमध्ये अडकतात. अंगठी काढून ठेवायची. पेन बघायचं ते पलंगावर मांडी घालून, खाली दुहेरी गोधडी, म्हणजे हातून सुटलंच तर गोधडीवर पडेल. बोलायचं ते मान बाजूला वळवून, तोंडातली वाफ पेनावर येता कामा नये. पंखा बंद. मे महिन्यात डोंबिवलीत पंखा बंद करून पाऊण तास पेनं बघायची म्हणजे भक्ती खरीच लागते.

काकूंच्या शालूंच्या खालचा कप्पा पेनांचा. प्रत्येक पेन आपापल्या मूळ खोक्यात, खोक्यात माहितीची मूळ चिठ्ठी, आणि शेजारी सिलिका जेलची पुडी. आमच्या इमारतीत कोणीही नवे बूट आणले की त्यातली पुडी भाऊकाकांकडे पोचती होते. पावसाळ्यात तर ते स्वतःच विचारतात, "यंदा मुलाला बूट नाही घेतलेस?"

सेल्युलॉइडच्या जुन्या पेनांचा डबा उघडला की खोलीभर कापराचा वास पसरतो. हा भाविकपणाचा भास नव्हे. सेल्युलॉइड बनवताना त्यात खराखुरा कापूर घालत. पदार्थ दिसायला देखणा, पण पटकन पेट घेणारा. म्हणून काकूंनी संध्याकाळी निरांजन लावलं की भाऊकाका आतल्या खोलीचं दार ओढून घेतात. काकूंचा त्यावरचा शेरा ठरलेला आहे. "कापूर आहे, घंटा आहे दाराची, सोवळं तर आहेच. एक तुळशीपत्र तेवढं ठेवायचं राहिलंय."

सोवळं हा शब्द काकूंचाच, पण तो इतका चपखल आहे की मी तो उचलला. पेनांचा शौक करणाऱ्यांत या गोष्टीला इंग्रजी नावं आहेत: मिंट, अनइंक्ड, न्यू ओल्ड स्टॉक. अर्थ एकच. कारखान्यातून निघाल्यापासून शाईचा थेंब ज्याला शिवलेला नाही ते सोवळ्यातलं. एकदा शाई भरली की ते ओवळं, मग सात पाण्यांनी धुवा नाहीतर सत्तर. दौतीत नुसती निब बुडवून पाहिलेलं पेन मधल्या जातीचं. त्याला भाऊकाकांच्या वहीत 'स्पर्श झालेला' असा शेरा असतो. ही वहीसुद्धा पेन्सिलीनं लिहिलेली आहे.

खरेदीला ते चोरबाजारात जातात. भायखळ्याला गाडी बदलून सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि मटण स्ट्रीटला जायचं. एकदा मी बरोबर होतो. दुकानदारानं पोतडीतून एक काळं पेन काढलं, पितळी दिव्यांच्या आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यांच्या गर्दीतून भाऊकाकांची नजर त्यावर बरोबर पडली. बिचारा दुकानदार प्रामाणिक निघाला. "चालू आहे साहेब, लिहून दाखवतो," असं म्हणून त्यानं दौतीचं झाकण उघडलं. भाऊकाका जे किंचाळले, त्यानं शेजारच्या दुकानातला पोपट दोन मिनिटं गप्प झाला. पुढे दुकानदार भाव करायचाच विसरला. पेनात काहीतरी दोष असणार, म्हणून हा माणूस ते चालवू देत नाही, अशी त्याची समजूत झाली असावी. त्यानं दोनशे रुपये आपणहून कमी केले.

ते पेन पार्कर ५१ होतं, आणि त्यांच्या संग्रहातलं ते शिरोमणी. याचं नाव ५१ का, हे भाऊकाका दर दर्शनाला सांगतात. कंपनी १८८८ सालची. तिला ५१ वर्षं झाली तेव्हा या पेनाचं काम चाललं होतं, म्हणून ५१. बाजारात आलं १९४१ साली. झटपट वाळणारी शाई वापरता यावी म्हणून ते घडवलं होतं. ती शाई सेल्युलॉइडला खायची, म्हणून अंगासाठी वेगळं प्लास्टिक शोधलं. ती निबेवरच वाळायची, म्हणून निब जवळजवळ सगळी टोपीखाली झाकली, नुसतं नाकाचं टोक बाहेर. म्हणजे निब एक क्षणही कोरडी पडू नये म्हणून शहाण्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं, आणि तो नमुना सत्तर वर्षं ठणठणीत कोरडा राहून अखेर डोंबिवलीत येऊन पोचला.

पण या पेनाचं खरं मोल प्लास्टिकात नव्हतं, सोन्याच्या निबेतही नव्हतं. ते होतं खडूत. त्या काळी कारखान्यातून पेन निघताना त्याच्या पोटावर खडूनं छाप मारलेला असे: निब जाड की बारीक, किंमत काय, असलं काहीतरी. गिऱ्हाईकानं पेन खिशाला लावलं की चार दिवसांत खडू पुसला जायचा. ज्याचा खडू शाबूत त्याला कोणाचा हातच लागलेला नाही, याचा तो पुरावा. भाऊकाकांच्या ५१वर खडू शाबूत होता. ते पेन ते दोन टोकांना दोन बोटं लावून उचलत, पोटाला स्पर्श न करता, न्हाऊ घातलेलं तान्हं बाळ उचलावं तसं.

आता भाऊकाकांसारखे भाऊकाकाच, असं मी म्हणणार होतो. पण मग माझ्या डोळ्यांपुढे त्यांचे स्नेही आले. ठाण्याचे एक गृहस्थ एचएमटीची घड्याळं जमवतात. बंगळूरचा तो कारखाना १९६१ साली सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झाला आणि २०१६ साली सरकारनं त्याला टाळं लावायचं ठरवलं. तेव्हापासून या गृहस्थांच्या अंगात आलं आहे. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन, सगळी त्यांच्याकडे आहेत, डायलवरचा पारदर्शक कागददेखील काढलेला नाही. चावी दिलेली नसल्यानं प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. कोणी किती वाजले विचारलं तर ते मोबाइल काढतात. दुसरे एक तिकीटवाले. त्यांच्या जगात जे तिकीट पत्राला चिकटून गावोगाव फिरलं, पोस्टमास्तरचा शिक्का खाल्ला, ते बापडं बहुधा स्वस्त; आणि जे कुठेच गेलं नाही, ज्याच्या पाठीचा डिंक कोणी चाटला नाही, ते महाग. मुंबईच्या दमट हवेत हा डिंक आपोआप ओला होऊन तिकीट अल्बमला चिकटतं. म्हणजे आयुष्यभर पत्राला चिकटू दिलं नाही, तर ते म्हातारपणी अल्बमलाच चिकटून बसतं.

आणि आपण तरी काय? रिमोटवरचं प्लास्टिक, सोफ्यावरचं कव्हर, कव्हरवरचं दुसरं कव्हर, शोकेसमधला बारा कपांचा सेट, जो पाहुणे आल्यावर काढायचा असतो आणि पाहुणे आले की "फुटेल गं" म्हणून राहतो. फरक एवढाच की आपण हे सवयीनं करतो, आणि भाऊकाकांनी त्याचं शास्त्र बनवलं आहे.

या शास्त्राचं मूळ मला वाटतं बँकेत आहे. भाऊकाका छत्तीस वर्षं बँकेत होते. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला स्लिप भरायला पेन हवं असतं आणि त्यांतला एकही माणूस घरून पेन आणत नाही. शहाणे कारकून पेन देताना टोपण आपल्याकडे ठेवतात, कारण बिनटोपणाचं पेन कोणी खिशाला लावत नाही. भाऊकाकाही ठेवायचे. एका सात तारखेला ते घरी आले तेव्हा त्यांच्या खिशाला तीन टोपणं होती. पेनं तिन्ही गेली होती. त्या तिघांत एक त्यांना मॅट्रिकला बक्षीस मिळालेलं होतं. ती टोपणं आजही कपाटात आहेत, पण दर्शनात दाखवत नाहीत. मला ती काकूंनी दाखवली.

वापरायचंच नाही असं मात्र भाऊकाका कधी म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, वापरायचं, पण प्रसंग तसा हवा. मी पंचवीस वर्षं त्या प्रसंगाची वाट पाहतोय. फ्लॅटच्या कराराच्या वेळी वाटलं होतं, आता निघणार शेफर. नाही, रजिस्ट्रारच्या कचेरीत अंगठ्याची शाई सगळीकडे सांडलेली असते, तिथे कुठे पेन काढायचं. मुलाचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं, तेव्हा पेन खिशात घालून नेलंसुद्धा. पण तिथल्या माणसानं टेबलावरचं पेन पुढे केलं, आणि "त्यांचा मान राखावा म्हणून" भाऊकाकांनी त्यानंच सही केली. निवृत्तीच्या दिवशी शेवटची सही करायची होती, तर त्या दिवशी नेमका संप.

"प्रसंग म्हणजे कसा असतो, सांगू?" एकदा ते म्हणाले. "१९४५. जपानची शरणागती. मॅकआर्थर सही करायला बसला आणि एका सहीसाठी त्यानं एकामागून एक पाच-सहा पेनं वापरली. त्यातलं एक बायकोचं होतं, पार्कर ड्युओफोल्ड. एकेका पेनानं दोन-चार अक्षरं, की झालं त्याचं सोनं. असा प्रसंग हवा."

काकू पालेभाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग बी विंगशी युद्ध पुकारा. नाहीतरी पाण्यावरून चालूच आहे. शरण आले की करा सही."

भाऊकाकांचा खरा वैरी म्हणजे मास्तर. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडेही पार्कर ५१ आहे, वडिलांकडून आलेलं. ते त्यानं शब्दकोडं सोडवतात, वाण्याची यादी लिहितात, कानसुद्धा खाजवतात असा भाऊकाकांचा आरोप आहे. हे दोघे संध्याकाळी गणपतीच्या देवळापाशी भेटतात आणि फडके रोडवर फेरी मारताना भांडतात. फेरीला अर्धा तास पुरतो, भांडणाला पुरत नाही, म्हणून दुसरी फेरी होते.

मास्तरांनी एकदा गांधीजींना मध्ये आणलं. काकासाहेब कालेलकरांनी आठवण सांगितली आहे: गांधीजींची बोटभर उरलेली पेन्सिल हरवली, तर ते कामाच्या घाईत ती शोधत बसले. कालेलकर आपली पेन्सिल देऊ करत होते, ती घेईनात. मद्रासच्या नटेसनांच्या लहान मुलानं ती प्रेमानं दिली होती. "बघा," मास्तर म्हणाले, "जपली पण आणि झिजवली पण. बोटभर उरेपर्यंत झिजवली!"

भाऊकाका गांधीजींना बरे सोडतील! २००९ साली माँ ब्लाँ कंपनीनं गांधीजींच्या नावानं सोन्याचं पेन काढलं, फक्त २४१, दांडीयात्रेच्या मैलांइतकी. किंमत एकेकाची अकरा लाखांच्या वर. प्रकरण कोर्टात गेलं, विक्री थांबवावी लागली. "त्या २४१ जणांतला एक तरी त्यानं वाण्याची यादी लिहील का?" भाऊकाकांनी विचारलं.

"लिहायला पाहिजे," मास्तर म्हणाले. "यादीत पहिलं मीठ."

यावर भाऊकाका बोलले नाहीत, पण पुढचे चार दिवस फिरायलाही आले नाहीत.

मास्तरांचा विजय झाला असं मला म्हणता येत नाही, कारण मी त्यांची पेनंही पाहिली आहेत. एका पेलिकनमध्ये त्यांनी एकदा, बाटली जवळ होती म्हणून, चित्रकलेची काळी शाई भरली. ती आत अशी बसली की पेनाचा खांब झाला. दुसऱ्याच्या निबेचे दोन पाय नातवानं दरवाज्याची कडी उघडायला वापरले. तिसरं लोकलमध्ये ठाणे आणि मुलुंडच्या मधे खिशातून गेलं. मास्तर हे सगळं हसत सांगतात. गेलेल्या पेनाबद्दल एवढं हसता येणं हेही मला थोडं संशयास्पद वाटतं. वस्तू वापरणं वेगळं आणि तिच्याकडे लक्ष नसणं वेगळं, पण हे मी फडके रोडवर बोलत नाही. दोघांचं भांडण असताना तिसरं मत काढणारा माणूस दोघांचा चहा देतो.

भाऊकाकांना पहिला तडाखा बसला तो शेफरमुळे. बाजूला खटका असलेलं, आत रबरी पिशवी असलेलं, अर्थात कधीही न भरलेलं. हलवलं की आतून खुळखुळ्यासारखा आवाज येऊ लागला. पेनं दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर फोर्टात बसतो, त्याच्याकडे आम्ही ते नेलं. त्यानं गरम हवेवर धरून पेन हळूच उघडलं आणि हातरुमालावर उलटं केलं. आतून पिशवीचे तुकडे पडले, जळक्या पापडाचा चुरा पडावा तसे.

"रबर साहेब," तो म्हणाला, "आपोआप कडक होतं. अन् आमच्याकडे बुचाचं पॅकिंग असलेली जुनी पेनं येतात ना, ती तर कोरडी ठेवली की बूच आक्रसतं. ती ओलीच बरी." मग त्यानं कपाटातल्या बाकीच्या रहिवाशांची चौकशी केली. सेल्युलॉइड कधी आपोआप तडकतं. एबोनाइटला उजेड आणि ओल लागली की काळ्याचं शेवाळी-तपकिरी होतं. भाऊकाका ऐकत होते. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना माणसं ऐकतात, तसं.

मला वाटलं, आता हा माणूस बदलणार. घरी गेल्यावर दौत आणणार. त्यांनी काय करावं? नवी पिशवी बसवून घेतली, पेन घरी आणलं, आणि तसंच, कोरडंच, खोक्यात ठेवलं. उलट वहीत पेन्सिलीनं शेरा आला: 'अंतर्भाग मूळचा नाही.' बिचारं शाईचा एक थेंब न चाखता सोवळ्यातून बाहेर पडलं.

दुसरा तडाखा दिवाळीच्या साफसफाईत. काकूंनी शालूंना ऊन द्यायचं म्हणून कपाट रिकामं केलं. पेनांचा कप्पा पुसायला घेतला. ५१चं खोकं उघडं राहिलं होतं. पेन काढून पाहिलं तर पोटावर पांढरट काहीतरी लागलेलं. काकूंच्या राज्यात पांढरट काहीतरी लागलेली वस्तू जशीच्या तशी परत कपाटात जात नाही. त्यांनी पदराला पुसलं. चांगलं लख्ख पुसलं.

अमेरिकेत कोण्या कामगारानं मारलेला तो खडू महासागर ओलांडून आला, मटण स्ट्रीटच्या पोतडीत टिकला, डोंबिवलीचे कित्येक पावसाळे त्यानं काढले. आणि वसुबारसेला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, एका धुवट सुती साडीच्या पदरानं तो गेला.

भाऊकाकांना हे संध्याकाळी कळलं. ते रागावले नाहीत. ते नुसते पलंगावर, त्या दुहेरी गोधडीवर बसले आणि पेन, आयुष्यात पहिल्यांदा, मुठीत धरलं. पोटाला धरलं. आता धरायला हरकत काय होती? काकूंनी चहा आणला, तर म्हणाले, "तुला काय माहीत म्हणा." काकू मला म्हणाल्या, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. दिवाळीच्या सकाळी अख्खी डोंबिवली नटून फडके रोडवर लोटते, त्या दिवशीही ते खाली उतरले नाहीत. मास्तर मात्र फराळाला येऊन गेले. त्यांनी खडूचा विषय काढला नाही, उलट मोती साबणावर बोलले. मला त्या दिवशी मास्तर आवडले.

डिसेंबरात भाऊकाका एका संध्याकाळी माझ्याकडे आले आणि खोकं टेबलावर ठेवलं. "घे. तू लिहितोस-बिहितोस. आता ते ओवळंच झालंय."

मी नको-नको म्हटलं, बरंच म्हटलं. ते उठून गेलेसुद्धा. रात्री त्यांचा फोन. "भरलंस?" म्हटलं, नाही अजून. "बरं बरं," आवाजात केवढा सुटकेचा श्वास! दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "घाई करू नकोस. शाई कोणती घेतोस ते आधी मला सांग." तिसऱ्या दिवशी, "खोकं उन्हात नाही ना?"

चौथ्या दिवशी मी दौत आणली. आमच्या लहानपणी दांडेकरांच्या उंटाच्या शाईची बाटली वर्षभर पुरवायची असे, आणि वर्गात कोणाचं पेन आटलं तर शेजारचा बाकावर दोन थेंब टाकायचा आणि आपण ते निबेनं टिपून घ्यायचे. तो वास बाटली उघडल्याबरोबर आला. ५१चं पोट उघडलं की आत धातूची पट्टी असते. ती दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. या पेनाची आतली पिशवी रबराची नाही, प्लास्टिकची आहे, त्यामुळे तिचा पापड झाला नव्हता. तिनं घटाघट शाई प्यायली. सत्तर वर्षांची तहान होती ती, मला तर आवाज आल्यासारखा वाटला. कागदावर आधी श्री काढलं, मग सही, मग पुन्हा सही, मग उगाचच सबंध बाराखडी. त्यानंतर तीन आठवडे मी दुसऱ्या पेनाला हात लावला नाही. आणि रोज रात्री फोनवर सांगत राहिलो, "नाही हो, अजून नाही भरलं."

खोटं बोट बोलतं. रविवारी सकाळी भाजी घेताना भाऊकाका समोर आले, आणि पैसे द्यायला मी जो हात काढला त्याच्या मधल्या बोटाला नखाशी निळं. त्यांनी पाहिलं. मी हात खिशात घातला. तोवर उशीर झाला होता. भाजीवाली सुट्टे पैसे शोधत होती. भाऊकाकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग माझ्या अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, "कसं चालतंय रे?"

"सुरेख."

"जाड की बारीक?"

मला कळेना. खडूच्या त्या छापावर सगळं लिहिलेलं होतं, आणि तो छाप तर त्यांना तोंडपाठ होता. तेवढ्यात त्यांनीच खुलासा केला. "लिहिलेलं होतं ते ठाऊक आहे. पण म्हणजे… कागदावर कसं दिसतं?"

मी खिशातून पेन काढलं. भाजीवालीनं मेथीच्या जुडीखालचा कागद दिला, मी टोपण उघडून, तो तिच्या गाडीच्या कडेवर ठेवून त्यावर श्री लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं, घ्या, तुम्ही लिहा. त्यांचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि मागे गेला. "नको, इथे गर्दी आहे," ते म्हणाले. त्यांनी कागद तेवढा घेतला. फुंकर घातली. तिरपा करून उजेडात धरला, शाई ओली असताना चकाकते ती वाळेपर्यंत बघत राहिले. मग घडी न घालता, दोन बोटांत टोकं धरून, तो घेऊन घरी गेले. मेथी न घेताच.

संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. मी विचारलं, भाऊकाका काय म्हणतायत?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मेथीच्या कागदाला प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलची पुडी मिळाली आहे. आणि मला ताकीद मिळाली आहे, त्या कप्प्याला पदर लावायचा नाही."